अधल्यामधल्या वयाचे गाणे

१९४३ साली ‘माझं बाळ’ या चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांच्या चालीवर एका दहा वर्षांच्या मुलीने आपले पहिले चित्रपटगीत म्हटले. ही मुलगी आशा मंगेशकर. बरोबर दहा वर्षांनी, १९५३ साली, राम गबाले यांच्या ‘देवबाप्पा’साठी गदिमांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल घेऊन ‘नाच रे मोरा’ हे बालगीत ध्वनिमुद्रित झाले, आणि तेही याच आवाजात. तोवर ही मुलगी वीस वर्षांची संसारी बाई, आशा भोसले, झालेली होती. म्हणजे वयाने लहान असताना ती मोठ्यांच्या व्यवसायात पोटासाठी उतरली, आणि मोठी झाल्यावर तिने लहानांसाठी आवाज लहान केला. ही अदलाबदल योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण मराठी बालगीताचा पुढचा सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला की तिच्यात एक नियमच दडलेला दिसतो. आपल्याकडे मूल गाते ते मोठ्यांसाठी, आणि मुलांसाठी गातात ते बहुधा मोठे. मुलाने मुलांसाठी गायचे, आणि तेही आपल्याच वयाच्या मुलांसाठी, अशी जागा आपण फारशी ठेवलेलीच नाही.

इथे ‘मुले’ हा शब्द जरा फोडून घ्यायला हवा. मांडीवर बसून बडबडगीत ऐकणारे मूल वेगळे आणि दुधाचे दात पडून गेलेले, पण मिसरूड अजून न फुटलेले मूल वेगळे. चौथी ते सातवी-आठवीतले हे वय. त्याला चिऊकाऊचे गाणे लाजिरवाणे वाटते आणि विरहाचे गाणे समजत नाही, पण तोंडपाठ असते. अमेरिकेतल्या गाण्याच्या धंद्याने या वयाला निराळे गिऱ्हाईक म्हणून फार लवकर ओळखले. १९६९-७० मध्ये ‘जॅक्सन फाइव्ह’ गाजू लागले तेव्हा मायकेल जॅक्सन अकरा वर्षांचा होता. २००० साली बारा वर्षांच्या ॲरन कार्टरचा ‘ॲरन्स पार्टी’ आला तो उघडउघड त्याच्या बरोबरीच्या पोरांसाठी. त्यात शाळा, घरातली पार्टी, मित्र आणि बढाया होत्या. पुढच्याच वर्षी ‘किड्‌झ बॉप’ ही मोठ्यांची लोकप्रिय गाणी मुलांच्या आवाजात विकणारी मालिका सुरू झाली. असा अल्बम निघायला जे जे लागते, ते सारे मुंबईच्या उपनगरांत हाताच्या अंतरावर होते. जुहूला सनी सुपर साउंडसारखा स्टुडिओ होता, गोरेगावला १९७७ पासून चित्रनगरी, अंधेरीच्या गल्ल्यांतून ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, कॅसेट कंपन्यांची कार्यालये, वादक, संयोजक, नृत्याचे क्लास. आणि मुलांनी भरलेल्या शाळा तर घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत दोन-दोन पाळ्यांत चालत होत्या. तरीही त्या वयाच्या गायकाचा त्या वयासाठीचा अल्बम इथे रुजला नाही. याचे कारण ‘आपली संस्कृती’ असे पटकन सांगितले जाते. मला कारण बरेच साधे दिसते. गाणे ऐकण्याचे यंत्र ज्याच्या ताब्यात, गाणे त्याच्यासाठी निघते. आणि आपल्या उपनगरी घरात ते यंत्र दहा वर्षांच्या मुलाच्या ताब्यात अगदी आत्ताआत्तापर्यंत कधीच नव्हते.

ही घरे कशी झाली ते लक्षात घेतले पाहिजे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. गिरगाव-दादरच्या चाळींतून माणसे निघाली आणि इथल्या सहकारी सोसायट्यांच्या एक-दोन खोल्यांच्या ‘ब्लॉक’मध्ये आली. चाळीत गॅलरी समाईक असते, शेजारच्याचा रेडिओ आपसूक ऐकू येतो. ब्लॉकचे दार मात्र लागते. त्या बंद दाराआड बाहेरच्या खोलीत एक रेडिओ, पुढे ऐपतीप्रमाणे एखादा रेकॉर्ड प्लेअर, त्यावर विणलेला रुमाल, आणि बटणाला हात लावायचा नाही अशी ताकीद. आकाशवाणी मुंबईवर ‘गंमत जंमत’ हा मुलांचा कार्यक्रम लागे, १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर ‘किलबिल’ आला. हे दोन्ही कार्यक्रम मुलांचे होते आणि त्यांनी बरेच काही दिले, पण ते घड्याळाच्या ताब्यातले होते. हवे तेव्हा, हवे तितक्यांदा, एकट्याने ऐकायचे गाणे ही चीजच वेगळी, आणि ती विकत आणावी लागे. दुकानात तबकडी मागायला जाणारी माणसे मोठी होती. लहान मुलाला काय आवडेल याचा अंदाज तीच करत, आणि मोठ्या माणसाच्या अंदाजातले मूल नेहमीच खऱ्या मुलापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असते.

म्हणूनच मीना खडीकरांचे काम फार महत्त्वाचे आणि तितकेच बोलके आहे. राजा मंगळवेढेकरांचे ‘चॉकलेटचा बंगला’ आणि पाडगावकरांचे ‘सांग सांग भोलानाथ’ त्यांनी स्वरबद्ध केले, आणि त्यासाठी मोठ्या गायिकेने आवाज चिमुकला करण्याऐवजी योगेश आणि रचना या आपल्या स्वतःच्या मुलांना माइकपुढे उभे केले. तबकडीवरच्या मराठी गाण्यात मुलाचा खरा आवाज, श्वासाच्या आणि उच्चाराच्या त्याच्या सगळ्या खाणाखुणांसह, इतका ठसठशीत क्वचितच उमटला असेल. ‘भोलानाथ’ मध्ये तर शाळा बुडवण्याची सुप्त इच्छा आहे. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाची दखल आहे. त्या वाटेने आणखी चार पावले पडली असती, तर मराठीत अधल्यामधल्या वयाचे गाणे तेव्हाच झाले असते. पण बालगीताची बाजारपेठ त्या बंगल्याच्या दिशेने गेली, भोलानाथाच्या दिशेने नाही. गोड पदार्थ, प्राणी, पक्षी, आजीआजोबा यांचीच गाणी अधिक झाली, कारण ती आईबाबांना गोड वाटत. सुषमा श्रेष्ठ या बालगायिकेचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. मराठीत तिच्या आवाजात ‘किलबिल किलबिल पक्षी बोलती’ घरोघर गेले. हिंदीत ती ‘अंदाज’ आणि ‘आ गले लग जा’ या चित्रपटांत बालकलाकारांसाठी गायली. पुढे हीच गायिका ‘पूर्णिमा’ या नावाने नव्वदच्या दशकात ‘बोल राधा बोल’, ‘राजा बाबू’, ‘अंजाम’ मधली फर्मास, प्रसंगी चावट गाणी म्हणताना ऐकू आली. पक्ष्यांची किलबिल आणि ‘राजा बाबू’च्या गाण्यातली खटिया यांच्यामध्ये तिच्या कारकिर्दीत जी वर्षे गेली, नेमकी त्याच वर्षांसाठी आपल्या संगीतात कप्पा नव्हता. आवाजाला मधली पायरी मिळाली नाही, तशी ती ऐकणाऱ्यालाही मिळाली नाही.

संस्कृतीचे कारण खरे मानायचे तर मराठी समाजाला हे वय दिसतच नव्हते असे म्हणावे लागेल. तसे म्हणता येत नाही, कारण त्याच काळात मराठी साहित्याला ते लख्ख दिसत होते. ना. धों. ताम्हनकरांचे ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ तर कितीतरी आधीचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून भटकणारा, चोर पकडणारा, तोंडाने ‘ट्टॉक्’ करणारा शाळकरी पोरगा आहे. त्याला कुणी बाळ म्हणणार नाही आणि त्याच्या गोष्टींत प्रेमप्रकरणही नाही. बालभारतीने १९७१ च्या नोव्हेंबरात मासिक काढले तेव्हा त्याचे नावच ‘किशोर’ ठेवले. म्हणजे सरकारी पाठ्यपुस्तक मंडळालाही या वयाचा वाचक निराळा आहे हे उमगलेले होते. मग जे पुस्तकाला साधले ते गाण्याला का साधले नाही? मला वाटते, पुस्तक कोपऱ्यात बसून, पांघरुणात शिरून, गच्चीच्या जिन्यावर एकट्याने वाचता येते. वाचनालयाची वर्गणी आईने भरली तरी पुस्तक निवडणारा हात मुलाचा असतो, आणि पान उलटताना आवाज होत नाही. गाण्याचा मात्र आवाज होतो. बाहेरच्या खोलीत लावलेले गाणे आजोबांनाही ऐकावे लागते. जे साऱ्या घराला ऐकावे लागणार ते साऱ्या घराला चालेल असेच हवे, आणि साऱ्या घराला चालणारे गाणे बारा वर्षांच्या मुलाचे खासगी गाणे असूच शकत नाही. एकाच घरात, एकाच भाषेत, एकाच संस्कारांत किशोरवयीन वाचक घडला आणि किशोरवयीन श्रोता घडला नाही, याचा उलगडा संस्कृतीने होत नाही, वस्तूने होतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल. वेगळ्या गाण्याची गरजच काय होती, चित्रपट होते की! उपनगरातल्या सोसायटीच्या गणपतीत ‘विविध गुणदर्शन’ असे, शाळेचे गॅदरिंग असे, सहल असे, भेंड्या असत, आणि या सगळ्याला पुरून उरतील इतकी गाणी हिंदी चित्रपटांनी दिली. आक्षेपात तथ्य आहे. १९८३ च्या ‘मासूम’मधले ‘लकडी की काठी’ तर वनिता मिश्रा, गौरी बापट आणि गुरप्रीत कौर या तीन लहान मुलींनीच म्हटले आहे, आणि गुलजारांच्या त्या शब्दांना राहुल देव बर्मन यांनी घोड्याच्या टापांचा जो ठेका दिला तो अजून कुठल्याही बालवाडीत वाजतो. पण ‘बालवाडीत’ हाच शब्द महत्त्वाचा. हे गाणेही पहिल्या कप्प्यातले. चित्रपटात मूल दुसऱ्या तऱ्हेने गाते ते ताटातुटीसाठी. ‘यादों की बारात’पासून ते सूत्र ठरून गेले आहे. लहानपणी गाणे म्हणायचे, हरवायचे आणि मोठेपणी त्याच गाण्याने भेटायचे. तिथे मुलाचा आवाज हा मोठ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचे साधन असतो. नाझिया हसनचे काय, असे कुणी विचारील. १९८० साली ‘कुर्बानी’मधले तिचे गाणे आले तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती आणि पुढल्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ निघाला. आवाज कोवळा होता हे खरे, पण गाणी डिस्कोची, प्रेमाची. उपनगरातल्या पोरांनी ती पाठ केली, नाचली. मुले हाती लागेल ते गाणे आपलेसे करतात हा त्यांचा गुण आहे. त्यांना दुसरे काही नको होते, याचा तो पुरावा नाही. उपाशी माणूस शिळी भाकरी आवडीने खातो म्हणून ताजी नको असे कुणी म्हणत नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि यंत्र स्वस्त झाले. गुलशनकुमारांच्या टी-सीरीजने कॅसेटची किंमत इतकी खाली आणली की ती वाण्याच्या दुकानातही लटकू लागली. इथे खरे तर माझा युक्तिवाद अडचणीत यायला हवा. स्वस्ताईने मुलांचे गाणे यायला हवे होते. आले काय? बडबडगीतांच्या कॅसेटी ढिगाने आल्या, भक्तिगीते आली, कोळीगीते आली, विनोदी बतावणी आली. कॅसेटने ज्या ज्या समाजगटाच्या खिशात चार पैसे होते त्या प्रत्येकाला त्याचे गाणे दिले. किशोराच्या खिशात काही नव्हते. मराठी मध्यमवर्गात ‘पॉकेटमनी’ हा शब्द थट्टेचा होता. वडापावपुरते पैसे मिळत, कॅसेटपुरते नाही. आणि टेपरेकॉर्डर अजून बाहेरच्या खोलीतच होता. वॉकमन कुणाच्या आखातातल्या काकांनी आणला तर आणला. त्यामुळे कॅसेटची क्रांती या वयाला बगल देऊन गेली, आणि त्यात तर्काच्या विरुद्ध काही नाही.

आपल्या विषयाच्या सगळ्यांत जवळ जाणारी घटना नव्वदच्या दशकात घडली, आणि ती मुंबईत घडली. दूरदर्शनवर ‘मेरी आवाज सुनो’ नावाची गायनस्पर्धा झाली. ती १९९६ साली जिंकली ती तेव्हा तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या सुनिधी चौहानने. दिल्लीहून मुंबईत आलेल्या या मुलीला कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी आपल्या ‘लिटल वंडर्स’ या मुलांच्या संचात घेतले होते. स्पर्धेनंतर एचएमव्हीने तिचा अल्बम काढला, ‘ऐरा गैरा नत्थू खैरा’. बालगायिका, बालश्रोते, मोठी कंपनी, दूरदर्शनची देशभर पोचलेली प्रसिद्धी, असे सगळे ग्रह जुळून आले होते. पण सुनिधीचे नाव घराघरात झाले ते या अल्बमने नाही. ते झाले १९९९ च्या ‘मस्त’मुळे, उर्मिला मातोंडकरसाठी म्हटलेल्या गाण्यांमुळे. मधल्या काळात तिच्यापुढे येत होती ती मुख्यतः मुलांची गाणी. त्यांच्यातून बाहेर पडल्याशिवाय तिला गायिका म्हणून उभेच राहता आले नाही. आपल्या चित्रपटसंगीतात बालगायक हा एक कोष आहे, आणि कोष फोडूनच बाहेर पडावे लागते. परदेशात मुलाच्या आवाजाला मुलांचा बाजार होता. इथे तो आवाज मोठा होईपर्यंत ताटकळत बसे.

त्याच सुमारास या उपनगरांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना स्वतःचे गाणे मात्र अनपेक्षित वाटेने मिळून गेले. ते दिले फाल्गुनी पाठक यांनी. १९९८ चे ‘याद पिया की आने लगी’, १९९९ चे ‘मैंने पायल है छनकाई’ ही गाणी कागदावर प्रेमाची, पण त्यांची चित्रफीत पाहिलेल्या कुणालाही आठवेल की तिच्यात बाहुल्या, मैत्रिणी, सुट्टी, रंगीबेरंगी कपडे आणि लाजरे हसू यांचेच राज्य होते. प्रेम होते ते वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहिण्याइतके. शर्ट-पँट घातलेली एक प्रौढ गायिका त्या मुलींच्या बाजूने उभी राहून त्यांची गोष्ट सांगत होती. केबल टीव्हीने ही गाणी दुपारच्या वेळी, म्हणजे वडील कचेरीत आणि आई वामकुक्षीत असताना, मुलींच्या हाती दिली. आणि नवरात्रात घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीच्या मैदानांवर त्या मुली टोळक्याने जाऊन त्याच गाण्यांवर फेर धरू लागल्या. फाल्गुनीबाईंचे बोरिवलीतले दांडिये तर पुढे मुंबईच्या नवरात्राचे एक ठळक ठिकाणच झाले. गुजराती शेजाराने मराठी मुलींना दिलेली ही देणगी संगीताच्या इतिहासात कुणी फारशी नोंदवत नाही. दांडियाच्या मैदानावर गाण्याचे यंत्र घराबाहेर आले होते. ते आजोबांच्या खोलीत नव्हते. यंत्राचा ताबा थोडा ढिला होताच या वयाने आपले गाणे ओळखले आणि उचलले.

मग २००८ साल उजाडले. झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ने महाराष्ट्राला रात्री टीव्हीपुढे बसवले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत आणि पुण्याची आर्या आंबेकर हे पाच जण ‘पंचरत्न’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि ८ फेब्रुवारी २००९ च्या अंतिम फेरीत कार्तिकी विजयी झाली. वये साधारण आठ ते चौदा. म्हणजे नेमके आपल्या चर्चेतले वय. मुले असामान्य तयारीची होती, याबद्दल वाद नाही. पण ती गायली काय? अभंग, नाट्यपदे, भावगीते, लावणी, गोंधळ. दीनानाथांची पदे, लताबाई-आशाबाईंची गाणी. आणि गंमत अशी की परीक्षकांच्या खुर्चीत होते अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. ज्यांनी २००२ साली ‘ऐका दाजिबा’ने मराठीला पॉप अल्बमची चव लावली, तीच ही जोडी! मराठी पॉपचे कर्तेसवरते समोर बसलेले, पुढ्यात उत्तम गळ्याची पाच मुले, मागे वाहिनीचे बळ, आणि तरीही त्यातून मुलांसाठी मुलांचे पॉप निघाले नाही. कारण मत देणारा भ्रमणध्वनी आईवडिलांचा होता. आठ वर्षांच्या मुलीने नाट्यपद म्हटले की साठीच्या माणसाला गहिवरून येते आणि तो एसएमएस पाठवतो. तिच्या वर्गातल्या मुलाला ते पद ऐकून काय वाटले, हे मोजण्याची सोयच नव्हती.

इथे दुसरा आक्षेप समोर येतो आणि तो जास्त वजनदार आहे. मुलांनी अभंग आणि नाट्यपदे म्हटली यात वाईट ते काय? परंपरा अशीच पुढे जाते. हे मला मान्य आहे. गळा तयार व्हायला बंदिशच हवी. चटपटीत गाण्यांनी तो तयार होत नाही. पण हा आक्षेप गाणाऱ्या मुलाविषयी आहे, आणि प्रश्न ऐकणाऱ्या मुलाचा आहे. महाराष्ट्रात त्या वेळी गाणारी मुले हजारांत असतील, ऐकणारी लाखांत होती. त्या लाखांना परंपरा मिळाली ती प्रेक्षागृहातून, दुरून, आणि बहुधा ‘बघ, तुझ्याएवढी आहे ती’ या टोमण्यासकट. शिवाय परंपरेचा आदर आणि स्वतःचे गाणे यांत एकाचीच निवड का करायची? ‘किशोर’ वाचणाऱ्या मुलांनी ज्ञानेश्वरी सोडली असे कुठे झाले नाही.

तिसरा आक्षेप याहून तिखट आहे, आणि तो करणारे लोक मुलांचे हितचिंतक असतात. अधल्यामधल्या वयाचे गिऱ्हाईक ही व्यापाऱ्यांनी पाडलेली फट आहे, आणि त्या फटीत लहान गायक चिरडले जातात, असे ते म्हणतात. ॲरन कार्टरचे पुढचे आयुष्य किती ओढग्रस्तीचे झाले हे जगाने पाहिले. २०२२ साली, चौतिसाव्या वर्षी, तो गेला. हा इशारा खोटा नाही. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मुलांसाठी गाणे न काढल्यामुळे आपल्याकडे मुले राबायची थांबली नाहीत. ती मोठ्यांच्या करमणुकीसाठी राबली. आशाबाईंपासून वाहिन्यांच्या स्पर्धांपर्यंत सगळा इतिहास तेच सांगतो. दोन, यावरचा उपाय गाणे बंद ठेवण्यात नाही, नियमांत आहे, आणि नियम आता आहेत. बालमजुरीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे नियम पुरेसे आहेत की नाहीत, पाळले जातात की नाहीत, यावर वाद घालावा. पण ते मूल कोणासाठी गाते, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा. उपनगरातली मुले इंग्रजी शाळांत गेली, त्यांना मराठी गाणे नकोच होते, असे म्हटले जाते. हा मुद्दा मला सर्वांत लंगडा वाटतो. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचे ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ याच मुलांच्या घरात वाजले, आणि मुलुंडच्या कालिदासला, बोरिवलीच्या प्रबोधनकारला, पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाला सुट्टीतल्या बालनाट्यांना गर्दी करणारी मुले काही सगळी मराठी शाळांतली नव्हती. २०१३ साली ‘बालक-पालक’ आणि २०१४ साली ‘टाइमपास’ आला तेव्हा शाळकरी मुलांनी त्यांची गाणी डोक्यावर घेतली. मधल्या पिढीला मराठी कळत होते. तिच्याकडे तिचे बोलणे मराठीत करणारे गाणे तेवढे नव्हते, आणि जेव्हा आले तेव्हा ते पुन्हा चित्रपटाच्या पोटातून, पहिल्या प्रेमाच्या गोष्टीला बांधून आले. दहा वर्षांच्या मुलाला प्रेमाखेरीजही पुष्कळ काही असते. बेस्ट फ्रेंडशी झालेला अबोला असतो, बाकावरून उठवल्याचा अपमान असतो, लिफ्टमध्ये एकट्याने जाण्याची भीती आणि ऐट असते, आईबाबांचे बंद दाराआडचे भांडण असते. यावर फास्टर फेण्याच्या पिढीतल्या लेखकांनी लिहिले, गीतकारांनी नाही.

शेवटी यंत्र हाती आलेच. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा मातीमोल झाला. २०२० च्या मार्चनंतर शाळाच मोबाइलवर भरू लागली आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हातात, कानात इअरफोन घालून, पहिल्यांदाच एकट्याने ऐकायचे साधन पडले. आजोबांना आता काही ऐकू येणार नव्हते. त्या मुलाने मराठीचा कप्पा उघडून पाहिला असेल तर त्यात बडबडगीते होती आणि भावगीते होती. मधला खण रिकामा. मग त्या वर्षी अंधेरी-मुलुंडच्या पोरांनी ‘बीटीएस’ या कोरियन तरुणांचे ‘डायनामाइट’ पाठ केले, कोरियन अक्षरे गिरवली, आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला. २०२३ च्या गणपतीत ‘आमच्या पप्पांनी गणपती आणला’ हे लहान मुलांच्या आवाजातले गाणे महाराष्ट्रभर घुमले. पण तेही पसरले ते आईवडिलांनी काढलेल्या रीलवरून, आणि पाहणाऱ्यांना गोड वाटले ते त्या मुलांचे वय. १९४३ पासूनचा आपला नियम मोबाइलमध्येही शाबूत राहिला आहे.

२०२१ साली झी मराठीने ‘लिटल चॅम्प्स’ पुन्हा सुरू केले. या वेळी परीक्षकांच्या खुर्च्यांवर पूर्वीची तीच पाच मुले होती, आता विशी ओलांडलेली. समोर उभ्या राहिलेल्या नव्या मुलांनी एकामागून एक गायला सुरुवात केली: अभंग, नाट्यपद, लावणी, भावगीत.